सोसायटीतील भूमिगत केबल: पाइपातून न्यावी की थेट जमिनीत पुरावी?

कोलशेतकर

नमस्कार. ठाण्यात कोलशेत रस्त्यावरील आमच्या सोसायटीने मागील बाजूच्या उघड्या पार्किंगमध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी चार्जर बसवण्याचा ठराव केला असून, त्यासाठी मीटर रूमपासून तिथपर्यंत नवी भूमिगत केबल टाकावी लागणार आहे. अंतर साधारण ९० मीटर भरते. सुरुवातीला ४० किलोवॅटचा भार धरला आहे. पण अशा गाड्या घेणाऱ्या सभासदांची संख्या पाहता तो पुढे दुप्पट होईल असे समजूनच केबल निवडावी, असे समितीचे मत आहे. मार्गात आधी बागेची पट्टी लागते, मग पाण्याचे टँकर आणि कचऱ्याची गाडी जाते तो काँक्रीटचा अंतर्गत रस्ता ओलांडावा लागतो आणि शेवटचा टप्पा कुंपणभिंतीलगत पेव्हर ब्लॉकखालून जातो.

दोन परवानाधारक ठेकेदारांनी नेमके उलट सल्ले दिले आहेत. पहिला म्हणतो की आर्मर्ड, म्हणजे पोलादी कवच (आर्मर) असलेली केबल रेतीच्या थरात थेट पुरावी आणि वर विटा मांडाव्यात. दुसरा म्हणतो की संपूर्ण ९० मीटर डीडब्ल्यूसी पाइप (दुहेरी भिंतीचा, बाहेरून पन्हळी असलेला प्लॅस्टिकचा पाइप) टाकून केबल त्यातून ओढावी, म्हणजे पुन्हा कधी खोदावे लागणार नाही. माझा स्वतःचा कल पाइपाकडे आहे, कारण बाग आणि रस्ता पुन्हा उकरण्याची कल्पनाच सभासदांना सहन होणार नाही. ज्यांनी हे काम केले किंवा करवून घेतले आहे त्यांनी कारणांसह सांगावे, ही विनंती.

वीजवाहिनी

माझी नोकरी वीज वितरणातच झाली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे ३३ केव्हीपर्यंतच्या केबल टाकण्याची कार्यपद्धती आयएस १२५५ या १९८३ च्या मानकात दिलेली आहे. त्यात थेट पुरणे आणि पाइपातून ओढणे या दोन्ही पद्धती मान्य आहेत, तेव्हा दोघांपैकी कोणताही ठेकेदार चुकीचे सांगतो आहे असे नाही. पण दोन्ही पद्धतींत केबलची वीज वाहण्याची क्षमता सारखी राहत नाही, आणि तुमच्या कामात हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.

केबल तापते, आणि ती उष्णता भोवतालच्या मातीत जिरली तरच तिचे इन्शुलेशन सुरक्षित राहते. थेट पुरलेल्या केबलला माती सर्व बाजूंनी चिकटून असते. पाइपात मात्र केबल आणि पाइप यांच्यामध्ये हवेचा थर अडकतो, आणि अडकलेली हवा उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते. म्हणूनच उत्पादकांच्या कोष्टकांत एकाच केबलची पाइपातील क्षमता थेट पुरलेल्या केबलपेक्षा साधारण पंधरा ते वीस टक्क्यांनी कमी दाखवलेली असते. पंप किंवा लिफ्ट यांचा भार चालू-बंद होत असल्याने तिथे हा फरक फारसा जाणवत नाही. गाड्यांचे चार्जिंग रात्री सुरू झाले की अनेक तास सलग चालते, केबलला निवायला उसंत मिळत नाही. माझा कौल थेट पुरण्यालाच आहे.

घणसोलीचा

@वीजवाहिनी, उष्णतेचा मुद्दा मान्य आहे, पण क्षमता कमी भरत असेल तर एक माप जाड केबल घेता येते. पुन्हा खोदण्यावर असा सोपा उपाय नाही. आमच्या सोसायटीत थेट पुरलेली केबल पाण्याच्या नळाचे काम करणाऱ्यांच्या ब्रेकरखाली (काँक्रीट फोडण्याच्या यंत्राखाली) आली. दोन जोड मारून ती चालू केली, पण ऐन पावसाळ्यात एका जोडात पाणी शिरले आणि पंपघर बंद पडले. नंतर पाइप टाकून नवी केबल ओढली, तेव्हापासून त्रास नाही. ज्या जमिनीवर दर काही वर्षांनी कोणी ना कोणी कुदळ चालवतो, तिथे केबल बदलण्याची सोय आधीच करून ठेवली पाहिजे.

वीजवाहिनी

आपल्याला झालेला त्रास खरा आहे, पण तो पाइप नसल्यामुळे झाला असे मला वाटत नाही. एचडीपीई या टणक प्लॅस्टिकचा डीडब्ल्यूसी पाइप मातीचा आणि वाहनांचा भार चांगला सोसतो. ब्रेकरचे टोक मात्र तो थांबवू शकत नाही. केबलला वाचवतात त्या तीन गोष्टी: पुरेशी खोली, वर मांडलेल्या विटा किंवा काँक्रीटच्या फरशा, आणि त्याही वर साधारण फूटभर अंतर ठेवून अंथरलेली सावधानतेची पट्टी. एलटी (कमी दाबाची, घरगुती पुरवठ्याची) केबल थेट पुरताना किमान ७५ सेंटीमीटर खोली मानकाने सांगितली आहे. प्रत्यक्षात अनेक सोसायट्यांमध्ये वीतभर मातीखाली केबल सापडते, आणि मग दोष पद्धतीला दिला जातो.

मीनल खारघर

मी आमच्या सोसायटीची सचिव आहे आणि आमच्याकडेही हाच विषय सुरू आहे. पाइपामुळे केबल कोरडी राहते आणि म्हणून ती अधिक टिकते, असे आमच्या ठेकेदाराने सभेत सांगितले. हे खरे मानावे का?

खाडीकाठ

@मीनल खारघर, हे मानू नये. जमिनीतील पाइप कोरडा राहत नाही. तोंडांतून पावसाचे पाणी शिरते, सांध्यांतून भूजल झिरपते, आणि जिथे पाइप मध्येच खोलगट झाला असेल तिथे ते वर्षभर साचून राहते. पाइपात टाकायची केबलसुद्धा पाण्यात राहण्यास योग्य अशीच घ्यावी लागते, आणि पाइपाला चेंबरच्या दिशेने थोडा उतार ठेवावा लागतो.

मी नेरूळला राहतो. इथली पुष्कळ जमीन खाजणावर भराव टाकून तयार केलेली आहे, तेव्हा ठाण्याच्या मुरमाचे नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आमच्या भागात थोडे खोदले तरी पाणी लागते आणि ते खारट असते. ओली माती उष्णता छान वाहून नेते, त्यामुळे वीजवाहिनी यांच्या हिशेबाने थेट पुरणे इथे आणखी फायद्याचे ठरेल. पण केबल ओढताना बाहेरचे आवरण एखाद्या दगडावर खरचटले, तर खारे पाणी आधी पोलादी आर्मरवरचा जस्ताचा थर खाते, मग आर्मर गंजते, आणि शेवटी पाणी ॲल्युमिनिअमच्या तारेपर्यंत पोहोचले की तिची पांढरी भुकटी होऊन ती आतल्या आत तुटते. तोवर बाहेरून काहीही कळत नाही.

दुसरी गोष्ट भरावाच्या खचण्याची. केबल ताणून सरळ टाकली असेल तर जमीन खचताना तिच्यावर ओढ येते; म्हणून ती चरात किंचित नागमोडी टाकून दोन्ही टोकांना वेटोळे राखून ठेवतात. पाइप खचला तर सांध्याशी तुटतो आणि त्याची कड केबलच्या आवरणात रुतते. तेव्हा भरावाच्या जमिनीत पाइपाखाली नीट ठोकून बसवलेला थर हवा आणि सांधे कमीत कमी हवेत.

पाचपाखाडी

पाइपाविषयी एक इशारा. उघड्या तोंडाचा पाइप हे घुशींचे आयते बीळ असते. आमच्याकडे मीटर रूमच्या बाजूचे तोंड तसेच सोडले होते आणि घुशींनी केबलचे आवरण आर्मरपर्यंत कुरतडले होते.

रोहिणी ऐरोली

पाचपाखाडी यांच्या मुद्द्याला जोडून अधिक गंभीर गोष्ट सांगते. आता बहुतेक सोसायट्यांत स्वयंपाकाचा गॅस जमिनीखालच्या वाहिनीतून येतो. त्या वाहिनीला कुठे गळती झाली तर वायू मातीतून वाट शोधत जवळच्या पोकळ पाइपात शिरतो आणि तिथून थेट मीटर रूममध्ये पोहोचू शकतो. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे बंद खोलीत तो छताशी साठतो, आणि मीटर रूममध्ये ठिणगी पडायला स्विचचा एक खटका पुरतो. म्हणून पाइपाची तोंडे सील करणे हा कामाचाच भाग असला पाहिजे आणि तो निविदेत स्वतंत्रपणे लिहिला गेला पाहिजे. मोकळ्या राखीव पाइपालाही हे लागू आहे, किंबहुना त्याला अधिकच. मानकाप्रमाणे वीज केबल आणि गॅस किंवा पाण्याची वाहिनी यांत किमान ३० सेंटीमीटर अंतर हवे. चर खोदण्यापूर्वी गॅस कंपनीकडून वाहिनीचा मार्ग आखून घ्यावा.

कोलशेतकर

@रोहिणी ऐरोली, मनापासून आभार. आमची गॅसवाहिनी त्याच कुंपणभिंतीलगत जाते आणि दोन्ही ठेकेदारांच्या पत्रांत सील करण्याचा उल्लेख नाही. आणखी एक विचारतो: पाइप टाकणारच असू तर त्यात स्वस्त, आर्मर नसलेली केबल चालेल का? तसा प्रस्ताव आमच्यापुढे आला आहे.

पॅनेलकाम

मी ठाणे आणि नवी मुंबईत अशीच कामे करतो. आर्मर नसलेली केबल पाइपात घालणे सरसकट निषिद्ध नाही, परंतु सोसायटीसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. आर्मर केवळ मार झेलत नाही. त्याला दोन्ही टोकांना अर्थिंग दिलेले असले की केबल फुटताच दोषप्रवाहाला परतीची वाट मिळते आणि पुरवठा तोडणारा सर्किट ब्रेकर पडतो. आर्मर नसेल आणि कोणाची पहार केबलमध्ये गेली, तर तो माणूसच ती वाट होण्याचा धोका असतो. वाचणारे पैसे या धोक्यापुढे क्षुल्लक आहेत.

स्वस्तात म्हणून कधी कधी चार सुट्या सिंगल कोअर (आत एकच तार असलेल्या) केबल सुचवल्या जातात. तसे असेल तर एक गोष्ट पक्की पाहावी: तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून गेले पाहिजेत. एकेक फेज वेगवेगळ्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपातून नेला तर पाइपाच्या लोखंडातच प्रवाह उत्पन्न होऊन तो तापतो आणि केबल भाजते.

आता मापांविषयी. ४० किलोवॅटला तीन फेजवर ६० अँपिअरच्या आत प्रवाह येतो. ५० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनिअम एक्सएलपीई केबल (एक्सएलपीई हे तारेवरचे उष्णता सोसणारे प्लॅस्टिकचे इन्शुलेशन) घेतली तर ९० मीटरवर व्होल्टेजची घट साडेसात व्होल्टच्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत राहते. भार दुप्पट झाला की तीच घट पंधरा व्होल्टपर्यंत जाते. ७० चौरस मिलिमीटरची घेतली तर ८० किलोवॅटलाही ती दहा-अकरा व्होल्टच राहील. साडेतीन कोअर (तीन फेजच्या पूर्ण तारा आणि न्यूट्रलची बारीक तार), ७० चौरस मिलिमीटर, चपट्या पट्टीचे आर्मर, आयएस ७०९८ भाग १ ची खूण असलेली केबल मागावी. ती कितपत तापू द्यायची याची मर्यादा एक्सएलपीईला ९० अंश आणि पीव्हीसीला ७० अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे पीव्हीसीच्या वाटेला जाऊच नये.

वर्तकनगर

मग ९० मीटर सलग पाइप टाकला तर केबल ओढताना अडचण येत नाही का?

पॅनेलकाम

येते, आणि पुष्कळ पाइप तिथेच वाया जातात. सरळ मार्गावर ९० मीटर ओढता येतात, पण दोन वळणे आली की मध्ये चेंबर लागतो. पाइपाचा आतला व्यास केबलच्या जवळपास दुप्पट असावा, एका पाइपात एकच केबल असावी, आणि वळणे एल्बो न वापरता लांब वाकाची असावीत. एलटी आर्मर्ड केबल तिच्या व्यासाच्या बारा पटींपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये. तुमच्या केबलसाठी ही त्रिज्या ४० सेंटीमीटरच्या आसपास येते. ओढताना फ्रेंच चॉक (शंखजिऱ्याची पूड) किंवा केबलसाठी मिळणारे जेल लावावे. यंत्राचे ग्रीस लावू नये, त्याने आवरण खराब होते.

आणि पाइप आहे म्हणजे जुनी केबल पुढे हमखास निघेल, अशी कोणी खात्री देऊ नये. ज्या पाइपाची तोंडे उघडी राहिली, त्यात काही पावसाळ्यांनंतर गाळ इतका घट्ट बसतो की केबल जागची हलत नाही. तेव्हा कामाला येतो तो शेजारचा राखीव पाइप. आत नायलॉनची दोरी सोडून, दोन्ही तोंडे बंद करून तो टाकून ठेवावा. चर खोदणे आणि पुन्हा बुजवणे हाच मोठा खर्च असतो, त्याच चरात आणखी एक पाइप टाकण्याने एकूण रकमेत फारसा फरक पडत नाही.

घणसोलीचा

राखीव पाइपाविषयी पूर्ण सहमत.

घोडबंदरवासी

आमच्याकडे वेगळीच अडचण होती. येऊरच्या पायथ्याकडील या पट्ट्यात अर्धा मीटर खोदले की काळा पाषाण लागतो. ७५ सेंटीमीटर खोली मिळवायची तर ब्रेकर लावून खडक फोडावा लागतो, आणि शेजारच्या इमारतीचे रहिवासी आवाजाने हैराण होतात. शेवटी खडकाच्या तेवढ्या टप्प्यात जाड पाइप टाकून त्याभोवती काँक्रीट ओतले आणि उरलेल्या मुरमाच्या टप्प्यात केबल थेट पुरली. एकाच मार्गावर दोन पद्धती वापरण्यास काहीच हरकत नाही, हे आमच्या अभियंत्याने आधीच सांगितले होते. ज्यांच्या पार्किंगखाली पोडियमचा स्लॅब आहे त्यांनी पुरण्याचा विचारच सोडावा. तिथे खालच्या मजल्याच्या छताला ट्रे बांधून केबल नेणे हेच योग्य.

वीजवाहिनी

@घोडबंदरवासी, अगदी बरोबर. फक्त एक ध्यानात ठेवावे: केबल एकच असली तरी तिची क्षमता मार्गातील सर्वांत जास्त तापणाऱ्या तुकड्यावर ठरते. म्हणजे केबल निवडताना हिशेब पाइपातील आकड्यानेच करावा लागेल, मग थेट पुरलेला भाग कितीही लांब असो.

दोष शोधण्याचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. थेट पुरलेल्या केबलमध्ये दोष आला की टीडीआर या यंत्राने, केबलमध्ये सोडलेला स्पंद परत यायला लागलेल्या वेळावरून, अंतर काढतात, मग थंपर नावाच्या यंत्राने उच्च दाबाचे झटके देतात, आणि नेमक्या जागी जमिनीतून धप्प असा आवाज येतो. तिथे खड्डा करून, खराब तुकडा कापून, जोड मारून केबल त्याच दिवशी चालू करता येते. पाइपात हा आवाज पोकळीतून पसरतो आणि बहुधा पाइपाच्या तोंडाशीच ऐकू येतो. जागा सापडली तरी पाइपात जोड मारता येत नाही. एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंतची केबल बदलावी लागते. पाइपाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा खर्चही मोजावा.

खाडीकाठ

हा खर्च मोजूनही नेरूळसारख्या ठिकाणी मी पाइपच निवडेन. खाऱ्या पाण्यात मारलेला जोड किती काळ टिकेल याची मला शाश्वती वाटत नाही. उष्ण करून आवळणाऱ्या आवरणाचा जोड कोरड्या, स्वच्छ खड्ड्यातच नीट बसतो. आमच्याकडे भरतीच्या वेळी खड्ड्यात खालून पाणी चढते आणि जोडणारा कामगार चिखलात बसून काम करतो. कोलशेतच्या मुरमात ही अडचण नसेल, तिथे आपले म्हणणे योग्य ठरेल.

वीजवाहिनी

खाऱ्या भरावाच्या बाबतीत आपले म्हणणे मला पटते. तिथे सलग, बिनजोड केबल पाइपातून नेणे अधिक योग्य.

मीनल खारघर

पेव्हर ब्लॉक तर हाताने उचलून पुन्हा बसवता येतात. मग तेवढ्या भागासाठी पाइप हवाच, असा आग्रह कशाला?

रोहिणी ऐरोली

अगदी योग्य प्रश्न आहे. जिथे उकरणे सोपे आहे तिथे थेट पुरावे आणि जिथे उकरणे महाग किंवा अशक्य आहे तिथे पाइप टाकावा, असा विचार करून मार्गाचा एकेक टप्पा वेगळा तपासावा. बागेत मात्र झाडांची मुळे पाहावीत. गुलमोहर किंवा वडाच्या जवळून केबल नेऊ नये; मुळे तिला विळखा घालतात आणि पुढे झाड वाचवायचे की केबल, असा प्रसंग येतो.

कोलशेतकर

सर्वांचे प्रतिसाद समितीपुढे वाचून दाखवले. आता ठरत आलेली योजना अशी आहे. बागेच्या पट्टीत आणि पेव्हर ब्लॉकखाली ७० चौरस मिलिमीटरची आर्मर्ड केबल खाली-वर रेतीचा थर देऊन ७५ सेंटीमीटर खोल पुरायची, वर फरशा आणि पट्टी. काँक्रीट रस्त्याखाली एक मीटर खोलीवर दोन पाइप, एक वापरातला आणि एक राखीव, रस्त्याच्या दोन्ही कडांच्या अर्धा मीटर पुढे काढून तोंडे सील केलेले. केबल सबंध मार्गावर बिनजोड. गॅसवाहिनीची आखणी झाल्याशिवाय चर खोदायचा नाही. माझा सुरुवातीचा कल सलग पाइपाकडे होता, परंतु आमच्या जमिनीचा विचार करता ही मांडणी मला अधिक पटली आहे. ठेकेदाराचे पैसे देण्यापूर्वी आम्ही काय काय तपासून घ्यावे, एवढे कृपया सांगावे.

पॅनेलकाम

१००० व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशन तपासण्याच्या यंत्राने) तीनदा चाचणी घ्यावी: केबल ड्रमवर असताना, चरात टाकून झाल्यावर पण माती लोटण्यापूर्वी, आणि टोके जोडण्याच्या आधी. दुसरी चाचणी ठेकेदार टाळू पाहतात, पण ओढताना झालेली इजा तिच्यातच सापडते आणि चर उघडा असल्यामुळे लगेच दुरुस्त करता येते. तिन्ही आकडे तारखेसह लिहून घ्यावेत. दोन्ही टोकांना डबल कॉम्प्रेशन ग्लँड (केबल पॅनेलमध्ये शिरते तिथे तिला दोनदा आवळून धरणारे धातूचे बूच) बसले आहेत आणि आर्मर अर्थिंगला जोडले आहे, हे समक्ष पाहावे. प्रत्येक चार्जरला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) हवे. ते साध्या एसी प्रकारचे (फक्त एसी प्रवाहाची गळती ओळखणारे) नसावे, कारण गाडीच्या चार्जरमधून एकदिश (डीसी) प्रवाह झिरपू शकतो.

घणसोलीचा

आणि चर उघडा असतानाच, भिंतीपासूनची अंतरे टेपने मोजून नकाशावर लिहून घ्या आणि टेपसकट छायाचित्रे काढा. आमच्या केबलवर खोदणाऱ्यांचा ब्रेकर पडला तेव्हा ती कुठून जाते हे सांगू शकणारा एकही माणूस सोसायटीत उरलेला नव्हता. नकाशाची एक प्रत मीटर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी आणि दुसरी सोसायटीच्या दप्तरात ठेवावी.

वीजवाहिनी

रस्त्याच्या दोन्ही कडांना आणि प्रत्येक वळणावर मार्ग दाखवणारे काँक्रीटचे खांबही रोवून घ्यावेत. आणखी एक, राखीव पाइपातील दोरी दोन्ही टोकांना बांधलेली आहे का आणि ती मोकळेपणाने सरकते का, हे तोंडे सील करण्यापूर्वी स्वतः ओढून पाहावे.